इम्प्लांट की ब्रिज: निर्णय शेजारच्या दातांपासून सुरू करावा

दात काढल्यावर सगळे लक्ष रिकाम्या जागेकडे जाते. निवड करताना मात्र आधी त्या जागेच्या दोन्ही बाजूंचे दात तपासून घ्यावेत. ब्रिजसाठी हे शेजारचे दात सर्व बाजूंनी घासून लहान केले जातात, त्यांवर कॅप बसवल्या जातात आणि मधला कृत्रिम दात त्या कॅपना जोडलेला असतो. घासलेले इनॅमल पुन्हा तयार होत नाही. त्यामुळे शेजारचे दात निरोगी असतील, तर एका दातासाठी दोन धडधाकट दात खर्ची घालणे मला तरी महागाचा सौदा वाटतो. याउलट त्या दातांत आधीच मोठी फिलिंग असतील किंवा रूट कॅनलमुळे त्यांना कॅप लागणारच असेल, तर ब्रिज हाच सरळ मार्ग ठरतो. हिरड्यांच्या आजाराने हलू लागलेल्या दातांवर मात्र ब्रिजचा भार टाकू नये.

त्यानंतर प्रश्न येतो हाडाचा. इम्प्लांट म्हणजे जबड्याच्या हाडात बसवलेला, बहुधा टायटॅनियमचा स्क्रू. त्याच्या आधारावर पुढे कॅप बसते. टायटॅनियम हाडाशी एकजीव होते, हे स्वीडनमधील पेर-इंगवार ब्रोनेमार्क यांच्या लक्षात आले ते सशांच्या हाडांवर प्रयोग करताना, आणि १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या रुग्णाला असे इम्प्लांट बसवले. हे एकजीव होणेच सर्वांत जास्त वेळ घेते: साधारण ३ ते ६ महिने. ब्रिजचे काम बहुतेक वेळा काही आठवड्यांत संपते. दात काढल्यानंतर तिथले हाड झिजू लागते आणि पहिल्या वर्षात ही झीज सर्वाधिक असते, म्हणून इम्प्लांटचा विचार असल्यास दात काढण्यापूर्वीच दंतवैद्यांशी बोलून ठेवावे. हाडाची उंची व रुंदी सीबीसीटी स्कॅनमध्ये, म्हणजे जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेमध्ये, नीट कळते. खालच्या जबड्यातील मज्जातंतू आणि वरच्या दाढांवरील सायनस (हाडातील हवेची पोकळी) किती जवळ आहेत, हेही त्यातच दिसते. हाड अपुरे असेल तर आधी हाडाची भर घालावी लागते व कालावधी वाढतो.

धूम्रपान आणि आटोक्यात नसलेला मधुमेह यांमुळे इम्प्लांट अयशस्वी होण्याचा धोका वाढतो. हाडे ठिसूळ होण्यावर बिस्फॉस्फोनेट गटातील औषधे घेतली असतील किंवा जबड्यावर रेडिएशन झाले असेल, तर ते विचारण्याची वाट न पाहता सांगावे. वाढत्या वयातील मुलांना सहसा इम्प्लांट बसवत नाहीत, कारण जबडा वाढत राहतो आणि स्क्रू मात्र जागचा हलत नाही.

स्वच्छतेचा मुद्दा लोक हसण्यावारी नेतात. इम्प्लांटला कीड लागत नाही हे खरे, पण त्याच्याभोवतीची हिरडी सुजून हाड झिजू शकते. ब्रिजमध्ये आधाराच्या दाताला कॅपच्या कडेखाली कीड लागते आणि ती बऱ्याचदा उशिरा लक्षात येते. शिवाय खोट्या दाताखालून रोज विशेष फ्लॉस किंवा बारीक ब्रश फिरवावा लागतो. तो कसा फिरवायचा, हे दवाखान्यातच आरशात पाहून शिकून घ्यावे, आणि हात पोहोचत नसेल तर काम सुरू होण्याआधीच तसे सांगावे.