पोलीस भरतीचं ग्राउंड (मैदानी चाचणी) आलंय? अंग गरम करायची अन् थंड करायची तयारी

पहाटे साडेचारला परभणी घ्या, बीड घ्या, गावाबाहेरच्या रोडला पोरं-पोरी पळताना दिसतातच, मेहनतीत कुणी कमी नाही. पण लई जण घरातून निघाले की थेट पळायलाच लागतात आणि संपलं की गाडीला किक मारून घरी. मी पण तेच करायचो. डिसेंबरच्या थंडीत १०० मीटर फुल स्पीडनं मारला आणि मांडीच्या मागची शीर अशी धरली की तीन आठवडे जिना चढायचे वांधे. म्हणून ग्राउंडची तारीख आलेल्यांसाठी लिहायलोय.

बॅग रात्रीच भरा. हॉलतिकीट, कागदपत्रं, झेरॉक्स, सवयीचे बूट (नवे कोरे त्या दिवशी नकोच), टॉवेल, कोरडा टी-शर्ट, पाणी, ओआरएसची पुडी, केळी, गूळ-शेंगदाणे, आणि एक जर्किन नि ट्रॅकपॅन्ट. उन्हाळा असला तरी पहाटे ते लागतंच, का ते पुढं सांगतो.

मुलांना १६०० मीटर, मुलींना ८००, दोघांना १०० मीटर आणि गोळाफेक, सगळं मिळून ५० मार्क. बोलावतात पहाटे, पण उंची मोजणं, कागद तपासणं, चेस्ट नंबर (छातीवर लावायचा नंबर), यात दोन-तीन तास सहज जातात. आणि इथंच पोरं चुकतात. गेटमधून आत गेल्या गेल्या जोशात पंधरा मिनिटं वॉर्मअप करतात, मग लाइनीत मांडी घालून बसतात, नंबर येईपर्यंत अंग परत गार. वॉर्मअपचा फायदा बसून राहिलं की पंधरा-वीस मिनिटांत उतरायला लागतो. त्यामुळं आपल्या पुढं किती बॅच आहेत ते मोजत राहा, दोन-तीन राहिल्या की उठा, आणि जर्किन अगदी लाइनवर जाईपर्यंत काढू नका. लाइन सोडू देत नसतील तर जागेवरच टाचा उचला, गुडघे वर घ्या, तेवढं कुणी अडवत नाही.

वॉर्मअप म्हणजे आधी पाच मिनिटं निवांत जॉगिंग, अंगाला हलका घाम येईस्तोवर, मग घोटे, गुडघे, कंबर फिरवणं, पाय पुढं-मागं झुलवणं, चालत लंजेस (लांब पाऊल टाकून गुडघा वाकवणं), हाय नीज (गुडघे वर घेत पळणं), बट किक (टाचा मागं वर मारत पळणं), आणि शेवटी ५०-६० मीटर तीन-चार वेळा पळणं, दर वेळी स्पीड थोडा वाढवत. गोळ्यासाठी खांदे, मनगटं आणि बोटं वेगळी मोकळी करा. आमच्या ॲकॅडमीत १०० मीटरच्या आधी पाय ताणून मिनिट मिनिट धरून ठेवायला लावायचे, ते पळायच्या तोंडावर करू नका, एवढा वेळ ताणलेल्या स्नायूचा जोर थोडा कमी होतो. उन्हाळ्यात ऊन वर आल्यावर नंबर आला तर हेच सगळं सावलीत आणि थोडक्यात.

१६०० संपलं की जमिनीवर आडवं व्हावंसं वाटतं, होऊ नका. पळताना पायाचे स्नायू रक्त वर हृदयाकडं ढकलत असतात, एकदम थांबलं की ते पायातच राहतं आणि चक्कर येते. पाच-दहा मिनिटं चालत राहा, श्वास जागेवर येऊ द्या, ओला टी-शर्ट बदला, ओआरएस घोट घोट प्या. मग पोटरी, मांडी, कंबर ताणून प्रत्येकी वीस-तीस सेकंद धरा, झटके न देता.

एवढं करून पण अंग दुखणार. ते लॅक्टिक ॲसिडमुळं असतं असं सगळे सांगतात पण ते तर तासा-दीड तासात निघून जातं, दुखतं ते स्नायूंना झालेल्या बारीक इजेमुळं, आणि दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जास्त. हलकं चाला, झोप नीट घ्या, ते आपोआप उतरतं. पण नडगीच्या हाडावर एकाच जागी बोटानं दाबलं की ठणकत असेल तर गोळी खाऊन पळू नका, हाड चिरलेलं असू शकतं, आधी हाडांच्या डॉक्टरला दाखवा.