सेल्स टीमसाठी एकच सॉफ्टवेअर करताय? आधी मोबाइल नंबर सरळ करा

सुरुवात स्क्रीनपासून करू नका, ग्राहकाच्या नोंदीपासून करा. एक्सेल, व्हॉट्सॲप आणि कॉलिंग ॲपमधला डेटा एकत्र आणला की एकच माणूस तीनदा दिसतो: कुठे नंबराआधी शून्य, कुठे +९१, कुठे मध्येच जागा सोडलेली. आमच्याकडे याच घोळामुळे एका हार्डवेअर दुकानदाराला एकाच सकाळी तिघांनी फोन केला. ते चिडले, आणि त्यांचं चिडणं अगदी बरोबर होतं.

म्हणून मोबाइल नंबर सेव्ह होतानाच ई.१६४ या आंतरराष्ट्रीय नंबर-पद्धतीत बदला: +९१ आणि पुढे सलग १० अंक. डुप्लिकेट त्यावरूनच ओळखा. मात्र दुकानाच्या एकाच नंबरवर बाप-लेक दोघंही बोलतात, त्यामुळे नोंदी आपोआप जोडू नका. सिस्टिमने विचारावं, माणसाने ठरवावं.

जबाबदार व्यक्ती आणि पुढच्या फोनची तारीख सक्तीची ठेवा. 'संपर्क नको' ही खूणही ग्राहकाच्या नोंदीवरच हवी, म्हणजे फोनसोबत एसएमएस आणि व्हॉट्सॲपही थांबतात. ट्राय या दूरसंचार नियामकाच्या २०१८च्या नियमांप्रमाणे जाहिरातीच्या फोनसाठी डीएनडी, म्हणजे ग्राहकाने केलेली 'फोन नको' ही सरकारमान्य नोंदणी, पाळावीच लागते, पण ग्राहकाने तुम्हाला तोंडी दिलेला नकार त्या नोंदणीत नसतो. तो टिपायचं बटण कॉल संपल्यावर येणाऱ्या स्क्रीनवरच द्या.