कोल्हापूरला गाडी घेऊन निघताना (आधी आत्याला फोन)

येत्या शुक्रवारी परत बेळगावहून कोल्हापूर आहे, आतेबहिणीचं लग्न. जानेवारीत तिच्या साखरपुड्याला जाताना चालू गाडीत फोन घेऊन मी जो घोळ घातला तो परत नको म्हणून हे लिहून ठेवतोय. खरं तर स्वतःसाठीच लिहायला घेतलं होतं, पण लग्नसराईत बेळगाव, संकेश्वर, निपाणीकडची निम्मी जनता ह्याच हायवेवर असते, तर घ्या तुम्हालाही.

टायरची हवा, डिझेल, काचेचं पाणी. हे सांगायला लागत असेल तर गाडी घरी ठेवा आणि एसटीनं जा. कागदपत्रं डिजिलॉकरमधली चालतात. फास्टॅग मात्र आदल्या रात्री भरा, हत्तरगी आणि कोगनोळी असे दोन टोलनाके लागतात आणि लोक रांगेत उभं राहून रिचार्ज मारत बसतात, मागचा हॉर्न मारतो, हे दचकून क्लच सोडतात आणि पुढच्याच्या बंपरवर जातात. बघितलंय मी हे.

आता मुद्द्याचं. निघायच्या आधी, ज्यांचा ज्यांचा फोन येऊ शकतो त्यांना सांगा. गाडीत बसल्यावर नाही, चपला घालायच्या आधी. "सहा वाजता निघतोय, साडेआठपर्यंत गाडीवर असणार, फोन उचलणार नाही, अगदीच काही असलं तर बायकोच्या नंबरवर करा." एवढंच. दोन मिनिटांचं काम आहे आणि मी ते केलं नव्हतं.

बाकी सगळं केलं होतं बरं का. फोन होल्डरवर, मॅप आधीच लावलेला, डू नॉट डिस्टर्ब चालू, अगदी हुशारीनं. मग काय झालं सांगतो. आत्या कोल्हापुरात, तिच्याकडं बटणाचा फोन, व्हॉट्सॲप वगैरे काही नाही. तिनं केला फोन, लागला नाही. तिनं लगेच परत केला. आणि ह्या डू नॉट डिस्टर्बमध्ये एक सोय असते, एकाच माणसानं थोड्या वेळात दुसऱ्यांदा फोन केला की अर्जंट असणार असं समजून फोन वाजू देतात. अँड्रॉइडमध्ये पंधरा मिनिटांच्या आत दुसरा कॉल आला तर, आयफोनमध्ये तीन मिनिटांच्या. माझ्यात ते चालू आहे हे मला माहीतच नव्हतं. संकेश्वर मागं पडलेलं, अंधार झालेला, आणि सगळं गप्प असताना अचानक फोन कोकलायला लागला. स्क्रीनवर आत्या. आत्याचं वय अठ्ठ्याहत्तर. माझ्या डोक्यात पहिलं काय आलं असेल ते तुम्हीच समजा.

मग मी शहाणपणा केला, डाव्या लेनला आलो, स्पीड सत्तरवर आणला, वाटलं घेतली की काळजी, आणि स्पीकरवर फोन घेतला. पलीकडनं आत्या, "कुठं हाईस रे? कुंदा अर्धा किलो जास्त आण की, तिकडची माणसं वाढल्यात." (कुंदा म्हणजे आमची बेळगावची दुधाची मिठाई.) मी म्हटलं आत्या आता संकेश्वरच्या पुढं आलोय, तर म्हणते मग किती आणलास, आणि मी बाजूच्या सीटवरचे डबे मोजायला लागलो. चालू गाडीत. डबे. मोजायला. वर बघितलं तर समोर उसाची ट्रॉली.

ज्यांनी सीझनमध्ये ह्या रस्त्यानं गाडी चालवलीय त्यांना पुढचं सांगायला नको. ट्रॅक्टरच्या मागं दोन ट्रॉल्या, मागं ना लाइट ना रिफ्लेक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, आणि स्पीड आपल्या सायकलएवढा. ताशी बहात्तरच्या स्पीडला गाडी सेकंदाला बरोबर वीस मीटर जाते, म्हणजे क्रिकेटचं एक पिच. मी तीन सेकंद डबे मोजले असतील. तीन पिचं मी आंधळ्यासारखा चालवत गेलो. ब्रेक दाबला, डावीकडं ओढली, गाडी जवळजवळ थांबलीच होती तरी ट्रॉलीचा कोपरा उजव्या हेडलाइटमध्ये गेला आणि उसाची दोन कांडी बॉनेटवर येऊन पडली. मागं बायको मुलाला मांडीवर घेऊन बसलेली, ती ओरडली, मुलगा उठून रडायला लागला, आणि फोनमधनं आत्या, "हॅलो? हॅलो? केशराचा पण एक डबा हाय का?"

ट्रॅक्टरवाला उतरून आला, गाडी बघितली, मला बघितलं, अजून आवाज येणाऱ्या फोनकडं बघितलं आणि म्हणाला, "कण्ण काणसंगिल्लेन्री?" डोळे दिसत नाहीत काय. त्याच्या ट्रॉलीला लाइट नव्हता हे मी त्याला सुनवू शकलो असतो, तोंडापर्यंत आलं पण होतं, पण फोन चालू होता ना. गप्प बसलो. हेडलाइट, बंपर आणि पेंटिंग मिळून अठरा हजार गेले. कुंदा सुखरूप होता.

तर, सांगून निघा. फॅमिली ग्रुपवर टाकलं म्हणजे सांगितलं असं होत नाही, जे ग्रुपवर नाहीत तेच फोन करतात. म्हातारी माणसं, ड्रायव्हर, आचारी, मंडपवाला, ज्यांचं त्या दिवशी तुमच्याकडं काम आहे त्यांना फोन करूनच सांगायचं. आणि "गाडीवर आहे" एवढं बोलून उपयोग नाही, किती वाजेपर्यंत ते सांगा, नाहीतर लोक दर वीस मिनिटांनी पोचलास का म्हणून विचारतात. आत्याला तर मी ह्यावेळी आदल्या रात्री एकदा आणि निघताना एकदा असं दोनदा सांगणार आहे.

ते सेटिंग पण बघून घ्या आत्ताच, डू नॉट डिस्टर्बमध्ये रिपीट कॉलर्स म्हणून असतं. बंद करायचं का? मी केलंय, कारण अर्जंटसाठी बायकोचा नंबर दिलाय. तुम्ही एकटे जात असाल तर चालू ठेवा, पण वाजला तर गाडी बाजूला घेऊनच उचलायचा. बाजूला म्हणजे पेट्रोल पंपावर नाहीतर ढाब्यावर, हायवेच्या पांढऱ्या पट्टीवर इंडिकेटर लावून नव्हे, तिथं मागून येणारा आपल्यासारखाच डबे मोजत असतो.

स्पीकर, ब्लूटूथ, कानातली बोंडं, ह्यांनी काही फरक पडत नाही. मला वाटायचं हात मोकळे आहेत ना मग झालं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की फोन वापरत चालवणाऱ्याला अपघाताचा धोका साधारण चौपट, आणि हँड्स-फ्री त्याहून फारसं सुरक्षित नाही. वाचलं होतं मी हे कधीतरी, पण पटलं संकेश्वरजवळ. हात स्टीअरिंगवरच होते माझे, डोकं कुंद्यात होतं.

कायद्याचं पण सांगून टाकतो, कारण एक जण मला म्हणाला की मॅपसाठी फोन हातात धरला तर चालतं. १ ऑक्टोबर २०२० पासूनच्या नियमात रस्ता बघण्यासाठी फोन वापरायला परवानगी आहे, पण चालवणाऱ्याचं लक्ष विचलित होणार नाही अशा पद्धतीनं. म्हणजे होल्डरवर, आवाज चालू, आणि एकदा लावला की हात लावायचा नाही. बाकी हातात फोन धरून चालवणं २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ मध्ये धोकादायक ड्रायव्हिंगमध्ये येतं, पहिल्या वेळेला हजार ते पाच हजार दंड, आणि सहा महिने ते एक वर्ष कैद पण होऊ शकते. कोगनोळी ओलांडून कर्नाटकातनं महाराष्ट्रात गेलात म्हणून हे बदलत नाही, जागेवरच्या दंडाचा आकडा तेवढा ज्या त्या राज्याचा.

मॅपचं तर आपल्याला हायवेवर कामच नाही, सरळ रस्ता आहे. हॉलचं लोकेशन मात्र घरातच लावून ठेवा, आणि कोल्हापुरात शिरायला उजळाईवाडीला आत वळायचं की तावडे हॉटेलला हे आधी विचारून घ्या. कागल गेल्यावर फोन चिवडत बसायचं नाही.

पुढच्या सीटवर माणूस बसवा, डबे नाही. हे पण त्या दिवशीच शिकलो. फोन त्या माणसाच्या हातात, मॅप त्यानं बघायचा, आलेला फोन त्यानं घ्यायचा, आणि घेतल्यावर "हे बघा काय म्हणतायत" म्हणून स्पीकर तुमच्या तोंडासमोर धरायचा नाही, हे बायकोला आधी सांगा, प्रेमानं सांगा. सामान सगळं डिकीत. पाण्याची बाटली ड्रायव्हरच्या पायाशी अजिबात नको, वंटमुरीच्या उतारावर ती गडगडत येऊन ब्रेकच्या खाली अडकली की मग बसा दाबत.

मुलांचं खाणंपिणं, शी-शू, निघायच्या आधी. रडलं तर मागं वळून बघायचं नाही, मागं जो बसलाय तो बघेल. मागं पण बेल्ट.

स्मार्टवॉच काढून ठेवा, मनगटावर थरथरलं की डोळे जातातच. गाण्यांची लिस्ट आधी लावा. भडंग, शेंगा, जे काय असेल ते थांबल्यावर. आणि तंबाखू, आमचे एक काका दोन्ही हात सोडून गुडघ्यानं स्टीअरिंग धरून चुना मळतात, चाळीस वर्षं झाली म्हणतात काही झालं नाही. त्यांच्या गाडीत मी बसत नाही. हेल्मेटमध्ये फोन खुपसून बेळगावात गोवावेसच्या गर्दीत बोलत जाणाऱ्यांबद्दल तर लिहायलाच नको, वेगळा लेख होईल.

आणि सांगितलं का सगळ्यांना? मी परत विचारतोय कारण इथपर्यंत वाचून पण तुम्ही गाडीत बसल्यावर म्हणणार अरे हो राहिलंच, आणि मग हिंदाल्कोच्या सिग्नलपाशी एका हातानं मेसेज टाईप करणार. राहिलं असेल तर काकतीच्या पुढं कुठल्या तरी पंपावर थांबा आणि टाका. पाच मिनिटं उशीर झाला तर कोण मुहूर्त चुकत नाही.

रस्त्यात: सहा पदरीच्या कामामुळं जिथं डायव्हर्जन लागतात तिथं गप्पा बंद. तवंदी घाट उतरताना गप्पा, गाणी सगळंच बंद, लोडचे ट्रक असतात. निपाणीत चहा, तिथंच मिस कॉल बघून घ्यायचे, ज्यांना करायचेत त्यांना करायचे, मग निघायचं. ट्रॉली दिसली की लांबूनच स्पीड कमी.

पोचलात की पोचलो म्हणून सांगा, नाहीतर पुढच्या वेळी तुमचं कोण ऐकणार नाही.

येताना वरचंच सगळं परत. दमलेले असाल, पोट भरलेलं असेल, झोप येत असेल तर सकाळी निघा. आणि निघायच्या आधी आत्याला तोंडावर सांगायचं की घरी पोचल्यावर मीच फोन करतो, तोपर्यंत काही विसरलेलं सापडलं तरी राहू दे. ती दारातनं हात हलवते आणि गाडी कोपऱ्यावर वळायच्या आत डबा विसरलास म्हणून फोन करते.