एज ऑफ एम्पायर्स २: तह करताना आधी कोण?

हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडून खेळताना गावातला दोस्त "तह करून टाकू बावा" म्हणतो, अन् मागून त्याचेच घोडेस्वार घुसतात. या खेळात तह एकतर्फी असतो. तुम्ही त्याला मित्र केलं तरी त्याच्याकडे तुम्ही शत्रूच राहू शकता.

१. सुरुवातीलाच 'लॉक टीम्स' (मित्र-शत्रू कायमचे पक्के करणारी सेटिंग) बंद ठेवा, नाहीतर पुढं काही बदलतच नाही.
२. आधी त्याला आपल्याला मित्र करू द्या. डिप्लोमसीच्या (कोण मित्र, कोण शत्रू ते दाखवणाऱ्या) खिडकीत खात्री झाली की मगच आपण.
३. सोनं देऊन तह घ्यायचा तर बाजाराची इमारत लागते. १०० पाठवायला १३० जातात. कॉइनेज हे संशोधन केल्यावर १२०, बँकिंग केल्यावर कपात शून्य. घाई नसेल तर तोवर थांबाच.

मित्र ठरवलेल्यावर आपले सैनिक स्वतःहून वार करत नाहीत, एवढं ध्यानात ठेवा.