महाद्वार रोडला जमिनीखालनं कचरा ओढायचाय? मग आधी काटा घ्या

मध्यंतरी आमच्या दुकानदारांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला. परदेशातला कुठलातरी चौक, एक बाई येते, खांबासारख्या डब्याचं झाकण उघडून पिशवी टाकते आणि ती पिशवी जमिनीखालनं सूंऽऽ करून पार लांब जाते, कचऱ्याचा टिपर नाही, कोंडाळा म्हणजे उघडी कचराकुंडी नाही, कुत्री नाहीत. झालं, दुसऱ्या दिवशी चहाच्या गाड्यावर सगळे इंजिनिअर. "आपल्याकडं का होत नाही" इथनं सुरुवात आणि "आपल्याकडं काय होणार नाही" इथं शेवट, मधे दोन कटिंग. माझं म्हणणं एवढंच की होईल का नाही ते नंतर बघू, पण मागायचं असेल तर काय मागतोय ते समजून मागा. माझं कोल्हापुरात महाद्वार रोडला छोटं दुकान आहे, इंजिनिअर मी पण नाही, पण याच्यावर बरंच वाचलंय आणि आमच्या गल्लीतला कचरा आठवडाभर स्वतः मोजलाय, त्यामुळं आपल्या पेठेसाठी किंवा मार्केटसाठी असला प्रस्ताव द्यायचा विचार असेल तर काय काय करायचं ते सांगतो.

आधी ते चालतं कसं. आपल्याकडं पाणी सोडणारे चावीवाले मामा असतात बघा, मेन लाईन एकच पण मामा एका वेळी एकाच भागाची चावी फिरवतात, इकडचं बंद तिकडचं चालू. हे तसंच आहे, फक्त उलटं. रस्त्यावर जो डबा दिसतो त्याला इनलेट म्हणायचं, त्याच्या खाली जमिनीत एक उभी नळी, तिच्या तळाला व्हॉल्व्ह. तुम्ही टाकलेली पिशवी आधी त्या व्हॉल्व्हवर पडून राहते, लगेच कुठं जात नाही. डबा भरत आला की सेन्सर सांगतो किंवा ठरलेल्या टायमाला लांबच्या स्टेशनातले मोठाले पंखे चालू होतात, पाईपमधली हवा ओढली जाते, मग एक एक व्हॉल्व्ह काही सेकंद उघडतो, पिशव्या खाली पाईपात पडतात आणि हवेबरोबर ताशी साधारण ७० किलोमीटरनं पळतात. पाईप लोखंडी, अर्धा मीटरच्या आसपास रुंद. स्टेशनात कचरा आणि हवा वेगळी होते, कचरा दाबून बंद कंटेनरमध्ये जातो, हवा फिल्टरमधनं बाहेर. ओला, सुका वेगळा ठेवायचा असेल तर पाईप दोन लागत नाहीत, इनलेट वेगवेगळे आणि ओढायची वेळ वेगळी, स्टेशनात एक फाटा बदलला की माल दुसऱ्या कंटेनरमध्ये. मामांची चावीच, फक्त कॉम्प्युटर फिरवतो.

हे लई नवीन पण नाही. पहिली सिस्टीम स्वीडनमधल्या सोलेफ्टिओ गावच्या हॉस्पिटलात १९६१ ला बसली. अमेरिकेत डिस्ने वर्ल्डमध्ये १९७१ पासून आहे, न्यूयॉर्कच्या रूझवेल्ट बेटावर १९७५ पासून अख्ख्या वस्तीचा कचरा असाच जातो. बार्सिलोनानं १९९२ च्या ऑलिम्पिकच्या टायमाला केलं. आपल्या देशात गांधीनगरजवळच्या गिफ्ट सिटीत आहे. पण गिफ्ट सिटी बघून आपण हुरळून जायचं नाही, तिथं मोकळ्या माळावर आधी पाईप टाकले आणि मग वर इमारती उभ्या केल्या. आपल्याला जवळचं उदाहरण म्हणजे नॉर्वेचं बर्गन, जुनं शहर, अरुंद गल्ल्या, लाकडी घरं, रस्त्यावरचे डबे पेटले तर घरं पेटायची भीती, म्हणून त्यांनी जुन्या गावात रस्ते खणून पाईप घातले आणि २०१५ ला सुरू केलं. तिथं इनलेट उघडायला चीप असलेली चावी लागते, कुणीही येऊन काहीही टाकून जाऊ शकत नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

आता काम. सगळ्यात आधी मोजा. टेंडर, डीपीआर म्हणजे प्रकल्पाचा सविस्तर अहवाल, निवेदन सगळं नंतर. एक लटकवायचा डिजिटल काटा आणि रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्या, बस्स. वजन आणि आकार दोन्ही लिहायचं, कारण पाईपाला वजनापेक्षा आकार जास्त नडतो, चपलेच्या दुकानातले रिकामे खोके वजनाला काहीच नाहीत पण एकटे चार बादल्या खातात. सलग सात दिवस मोजा, एक दिवस मोजून गुणिले सात करू नका. आमच्याकडं मंगळवार, शुक्रवार आणि रविवार म्हणजे अंबाबाईचे आणि पर्यटकांचे दिवस, बाकीच्या वारांशी त्यांची तुलनाच नाही, आणि नवरात्र तर वेगळंच प्रकरण, ते वेगळं मोजा. आणि वेळ लिहा, ही सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. बहुतेक दुकानं रात्री शटर ओढताना झाडून काढतात म्हणजे निम्म्याहून जास्त कचरा एका तासात येतो.

हे का लागतं ते हिशोबानं बघा. समजा तुमच्या पट्ट्यात ६० दुकानं, प्रत्येकी २ किलो, आणि १० खाण्याच्या गाड्या प्रत्येकी १५ किलो, म्हणजे दिवसाला २७० किलो. बादल्या मोजल्या तर समजा ९० झाल्या, म्हणजे १,८०० लिटर. त्यातला १,२०० लिटर रात्री नऊ ते दहात येतो. कंपनी म्हणाली एका इनलेटच्या पोटात ३०० लिटर मावतं आणि तुम्ही दोन बसवले, तर ६०० लिटर झालं, म्हणजे त्या एका तासात सिस्टीमनं दोनदा ओढलं पाहिजे, नाहीतर साडेनऊलाच इनलेट फुल्ल आणि लोक पिशव्या बाजूला ठेवून घरी. म्हणजे परत कोंडाळाच, फक्त स्टीलचा. मोठी हॉटेलं, यात्री निवास, मंगल कार्यालयं यांना या हिशोबात धरू नका, दिवसाला १०० किलोच्या वर कचरा करणाऱ्यांनी आपला ओला कचरा आपणच जिरवायचा हे २०१६ च्या घनकचऱ्याच्या नियमांतच आलंय.

मोजताना कचरा उघडून बघायला लागतो, हातमोजे घाला आणि नाक धरा. आम्ही बघितलं तेव्हा जे निघालं ते सांगतो म्हणजे अंदाज येईल. हारांचा ढीग, त्यात दोरा. ओटीचे नारळ, करवंट्या. शहाळी. रसाच्या गाड्यावरचं चिपाड. चहाचे कागदी कप. पातळ कॅरीबॅगमध्ये बांधलेलं मिसळीचं उरलेलं, उचलली की खालनं तर्री गळणारं. एका पिशवीत ट्यूबलाईट, फुटलेली. साड्यांच्या दुकानातल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, चार फुटी.

यातलं बरंचसं पाईपात जात नाही. काच आणि कडक जड वस्तू प्रत्येक वळणावर पाईप आतनं घासतात, लांब नळी किंवा काठी आडवी बसली की तिच्यामागं सगळी लाईन तुंबते, पातळ पिशवी व्हॉल्व्हवर फुटली की ओलं सगळं तिथंच चिकटतं आणि वास इनलेटमधनं वर येतो. शहाळं तर विचारूच नका, जड, ओलं आणि गोल. बॅटरी, रंगाचे डबे, ट्यूब हे कुठल्याच सिस्टीमला चालत नाही. म्हणून तीन याद्या करा: पाईपात जाणार, जाणार नाही पण रोज येणार, आणि कधीतरी येणार. मधली यादी आमच्या भागात लई लांब झाली. त्या यादीसाठी टिपर चालूच राहणार, हे पहिल्या मीटिंगलाच लोकांना सांगा, नाहीतर नंतर "गाडी बंद होणार म्हणाला होता" म्हणून तुमच्या दारात येतील.

मग टेप घेऊन चाला. शक्यतो सकाळी सहाला, गर्दी नसताना. बिनखांबी गणेश मंदिरापासनं पापाची तिकटीपर्यंत मी आणि शेजारचे दादा चाललो, दर पन्नास पावलांवर खडूनं खूण. इनलेट कुठं बसेल ते बघायचं, वयस्कर मावशींना पिशवी घेऊन किती चालायला लागेल ते बघायचं, आणि गणपतीची मिरवणूक इथनंच जाते, ट्रॅक्टर ट्रॉलीवर साउंडच्या भिंती, त्या वजनाखाली चेंबरची झाकणं टिकली पाहिजेत. जमिनीखाली काय काय आहे त्याचा नकाशा मागा, पाण्याची लाईन, ड्रेनेज, वीज, केबल. नकाशा मिळाला तरी त्याच्यावर विसंबू नका. मागं कुणाच्यातरी केबलसाठी चर मारताना आमच्या गल्लीची पाण्याची लाईन तोडली, ती नकाशात दुसऱ्याच बाजूला होती, तीन दिवस बादल्या वाहिल्या. त्यामुळं दोन चार ठिकाणी हातानं खड्डे घेऊन बघायला सांगा. आणि हे जुनं कोल्हापूर आहे, ब्रह्मपुरीच्या टेकडीवर रोमन काळातल्या ब्राँझच्या वस्तू निघाल्यात, टाऊन हॉल म्युझियमला आहेत, तर देवळाच्या आसपास खणायचं म्हणजे पुरातत्त्ववाल्यांना आधी विचारून घ्या. काळ्या पाषाणातली खुदाई पण मऊ मातीच्या दराने होत नसते.

स्टेशनची जागा हा खरा पेच. ते साधारण दोन किलोमीटरच्या आत पाहिजे, त्याच्या पुढं हवा कमी पडते. तिथं मोठा ट्रक आत येऊन कंटेनर उचलून वळला पाहिजे. आता जुन्या पेठांच्या दोन किलोमीटरात एवढी मोकळी जागा शोधा. जी सापडते ती बहुतेक नदीकडच्या उताराला. आणि पंचगंगेचं काय ते तुम्हाला माहीत आहे, राजाराम बंधाऱ्याला ३९ फुटाला इशारा आणि ४३ ला धोका, २०१९ आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. महाद्वार रोड उंचावर आहे, तिथं काही होत नाही, पण पंखे, मोटरा आणि पॅनल दुधाळी किंवा शुक्रवार पेठेकडं ठेवले तर पूर आल्यावर सगळ्या पेठेचा कचरा बंद. म्हणून सगळं यंत्र कितव्या फुटाच्या पातळीवर ठेवणार हे लेखी घ्या. पाईपाच्या सखल भागात पाणी शिरलं तर ते काढायची सोय काय, हे पण.

पैशाचं विचारताना फक्त "बसवायला किती" विचारू नका. हे पंखे वीज खातात, तर टनामागं किती युनिट, ते चालू असलेल्या ठिकाणचं बिल दाखवून सांगा म्हणायचं. व्हॉल्व्ह, सेन्सर कुठनं येणार, पुण्याला मिळतात का परदेशातनं मागवायचे, बिघडल्यावर किती तासात माणूस येणार. लाईट गेली तर जनरेटर आहे का. सिस्टीम दोन दिवस बंद पडली तर पर्यायी गाडी कोण देणार. आणि सुक्या कचऱ्यातला पुठ्ठा, बाटल्या वेचून ज्या मावश्या घर चालवतात त्यांचं काय, सगळा माल बंद कंटेनरमध्ये दाबून गेला तर त्यांच्या हातात काही उरत नाही. स्टेशनात वेगळं करायच्या कामाला त्यांनाच घ्या, असं प्रस्तावात लिहा.

हे सगळं ऐकून गार पडला असाल तर एक मधला रस्ता आहे. जमिनीत अर्ध्याच्या वर गाडलेले मोठे डबे असतात, वर फक्त तोंड दिसतं, पंखा नाही, पाईप नाही, क्रेनवाली गाडी येऊन आतली पिशवी किंवा डबा उचलते. खाली गार असल्यामुळं वास कमी, कुत्र्यांना पोचता येत नाही. सुरतेत जमिनीखालचे डबे बसवलेत. फक्त उचलताना वर मोकळं आकाश पाहिजे आणि आपल्याकडं वर बघितलं की वायरींचं जाळं, फ्लेक्स आणि पताका, त्यामुळं टेप घेऊन चालताना वर पण बघत चला. माझं मत विचाराल तर लक्ष्मीपुरी, कपिलतीर्थ असल्या मार्केटला आधी हे करून बघावं, पाईप नंतर.

आणि शेवटचं, हे फुकट आहे. पाईप बसलाय असं समजून महिनाभर वागून बघा. ठरलेल्या दोन जागी झाकणाची पिंपं ठेवा, झाकणाला साधारण फूटभर रुंद गोल भोक पाडा, त्यातनं जाईल तेवढीच पिशवी, गाठ मारलेली, ओली एका पिंपात सुकी दुसऱ्यात, पुठ्ठा सपाट करून वेगळा. भोकाच्या झाकणाला कुलूप आणि चाव्या फक्त दुकानदारांकडं, बर्गनसारखं. सफाईच्या मुकादमांना आधी सांगून ठेवा नाहीतर ते उचलून नेतील. रोज रात्री दहाला फोटो काढून ग्रुपवर टाकायचे. आम्ही हे केलं. पहिले दहा दिवस नाद खुळा, फोटोला लाईक वर लाईक. अकराव्या दिवशी सकाळी बघतोय तर कुणीतरी तीन शहाळी घातलेली पिशवी भोकात कोंबलेली, ना आत जाईना ना बाहेर येईना, शेवटी शहाळ्याच्या गाड्यावरच्या मामांचाच कोयता आणून फोडून काढली. मामा म्हणाले माझी नव्हेत. आता पिंपाच्या शेजारी शहाळ्यांसाठी वेगळा कॅरेट ठेवलाय, तो रोज संध्याकाळी मामाच रिकामा करतात.