मेक -जे ८ ला बिल्ड फुटला तर
फ्रीबीएसडी किंवा लिनक्स कर्नल (सिस्टिमचा गाभा) सोर्सवरून बिल्ड करताना मेक -जे ८ ला (make -j8, म्हणजे बिल्डची आठ कामं, जॉब, एकदम चालवणं) एरर आली तर शेवटच्या ओळीवर जाऊ नका, आठ जॉबचं आउटपुट मिसळलेलं असतं आणि खरी एरर बरीच वर राहते. तेच मेक -जे १ ने परत चालवा, तळालाच दिसेल. -जे १ ने पास झालं तर मेकफाईलमध्ये (मेकच्या सूचनांची फाईल) डिपेन्डन्सी, म्हणजे कशाआधी काय बनायला हवं ते, लिहायची राहिलीये, किंवा रॅम कमी पडतेय ("किल्ड" दिसलं की बहुतेक रॅमच, जॉब कमी करा).

आणि आपल्याकडे कोकणात पावसात मधेच लाईट जाते ना, तेव्हा शून्य बाइटच्या ऑब्जेक्ट फाईली (.o, कंपाइल झालेले तुकडे) उरतात, तारीख नवीन म्हणून मेक त्या झालेल्या समजतं आणि लिंक करताना (ते तुकडे जोडताना) भलतीच एरर येते, त्या आधी शोधून उडवा प्लीज, मगच पुन्हा मेक.