उत्क्रांतीच्या तासाला ‘इंटेलिजंट डिझाइन’चा प्रश्न आला, तर तो कसा हाताळावा

सजीवांची रचना इतकी गुंतागुंतीची आहे की ती कोणीतरी बुद्धिपुरस्सर घडवलेली असली पाहिजे, या मांडणीला अमेरिकेत इंटेलिजंट डिझाइन म्हणतात. वर्गात एखाद्या विद्यार्थ्याने किंवा पालकसभेत एखाद्या पालकाने हा मुद्दा काढला, तर शिक्षकाने तो टाळू नये आणि थट्टेवारीही नेऊ नये. तयारीसाठी पेनसिल्व्हेनियातील डोव्हरचा खटला अभ्यासावा, कारण तेथे दोन्ही बाजूंच्या तज्ज्ञांना शपथेवर उत्तरे द्यावी लागली. तेथील शाळा मंडळाने २००४ मध्ये नववीच्या जीवशास्त्राच्या तासाआधी एक निवेदन वाचण्याचे ठरवले. डार्विनच्या सिद्धांतात त्रुटी आहेत आणि इंटेलिजंट डिझाइन हे वेगळे स्पष्टीकरण उपलब्ध आहे, असा त्याचा आशय होता. विज्ञानशिक्षकांनी ते वाचण्यास नकार दिला, ११ पालक न्यायालयात गेले आणि २० डिसेंबर २००५ रोजी न्यायाधीश जॉन जोन्स यांनी १३९ पानी निकाल त्यांच्या बाजूने दिला.

उत्तर देताना सर्वप्रथम दोन प्रश्न वेगळे करावेत. ईश्वर आहे की नाही, हा जीवशास्त्राच्या तासाचा प्रश्न नाही. एखादा दावा तपासता येतो की नाही, हा आहे. पालकांच्या बाजूने साक्ष देणारे जीवशास्त्रज्ञ केनेथ मिलर स्वतः श्रद्धावान कॅथलिक आहेत, आणि इंटेलिजंट डिझाइनचे म्हणणे खरे असूही शकेल, त्यावर न्यायालय मत देत नाही, मात्र ते विज्ञान नव्हे, असे निकालातच म्हटले आहे. घरी नित्य पूजा करणाऱ्या मुलाला आपली श्रद्धाच पणाला लागली आहे असे वाटले, तर तो पुढचे काहीही ऐकणार नाही. म्हणून हे आरंभीच स्पष्ट शब्दांत सांगावे.

त्यानंतर ‘तपासता येणे’ म्हणजे काय, हे एका उदाहरणातून सावकाश दाखवावे. मिलर यांनी न्यायालयात मांडलेले गुणसूत्रांचे उदाहरण यासाठी मला सर्वांत उपयुक्त वाटते. चिंपांझी, गोरिला आणि ओरांगउटान यांच्या पेशीत गुणसूत्रांच्या २४ जोड्या असतात, माणसात २३. पूर्वज समान असतील, तर एक जोडी नाहीशी कशी झाली? आख्खे गुणसूत्र गळून पडले असते तर जगणेच अशक्य झाले असते. म्हणजे दोन गुणसूत्रे एकमेकांना जोडली गेली असली पाहिजेत, आणि तसे असेल तर सांध्याची खूण सापडली पाहिजे. ती माणसाच्या दुसऱ्या क्रमांकाच्या गुणसूत्रात सापडते. एरवी टोकांशी आढळणारे डीएनएचे क्रम तेथे मधोमध आहेत, आणि एका कार्यरत गुणसूत्रबिंदूखेरीज (पेशीविभाजनावेळी गुणसूत्र जेथे धरले जाते ती जागा) दुसऱ्या, निकामी झालेल्या गुणसूत्रबिंदूचे अवशेषही आहेत. ही खूण सापडली नसती, तर समान पूर्वजाची कल्पना अडचणीत आली असती. फळ्यावर आकृती काढून विद्यार्थ्यांनाच विचारावे, की इंटेलिजंट डिझाइन चुकीचे ठरवील असा पुरावा कोणता असू शकेल? हा प्रश्न विचारल्यावर थोडे थांबावे.

जीवाणूच्या कशाभिकेचा, म्हणजे पोहण्यासाठी लागणाऱ्या शेपटीसारख्या अवयवाचा, दाखला हमखास पुढे येतो. तिचा एक भागही काढला तर ती निरुपयोगी ठरते, म्हणून ती टप्प्याटप्प्याने बनणे शक्य नाही, असा शाळा मंडळाच्या बाजूने साक्ष देणारे जीवरसायनशास्त्रज्ञ मायकेल बीही यांचा युक्तिवाद होता. तिच्यातील काही प्रथिनांशी साम्य असलेल्या प्रथिनांचा एक छोटा संच प्लेगच्या जीवाणूत विषारी प्रथिने दुसऱ्या पेशीत सोडण्याचे काम करतो, हे मिलर यांनी दाखवून दिले. अपुरी रचना निरुपयोगीच असते, हे गृहीतक तेथे कोसळते. उलटतपासणीत बीही यांना हेही मान्य करावे लागले, की वैज्ञानिक सिद्धांताची त्यांची व्याख्या स्वीकारली तर फलज्योतिषही त्यात बसेल.

‘दोन्ही बाजू शिकवा, मुले ठरवतील’ हे म्हणणे न्याय्य वाटते, पण अभ्यासक्रमात जागा पुराव्याने मिळवावी लागते. डोव्हरमध्ये सुचवलेल्या पूरक पुस्तकाचे जुने मसुदे तपासले गेले, तेव्हा १९८७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने सृष्टिनिर्मितीवाद शिकवण्याची सक्ती घटनाबाह्य ठरवल्यानंतर त्यात ‘निर्मिती’च्या जागी ‘डिझाइन’ घातल्याचे उघड झाले. मजकूर जवळपास तोच राहिला होता.

आपल्याकडे हा वाद वेगळ्या रूपात येतो. जानेवारी २०१८ मध्ये औरंगाबाद येथे तत्कालीन केंद्रीय राज्यमंत्री सत्यपाल सिंह यांनी, माकडाचा माणूस होताना पाहिल्याचे आपल्या पूर्वजांनी कुठे सांगितलेले नाही, असे म्हणून डार्विनचा सिद्धांत चुकीचा ठरवला, आणि देशातील तीन विज्ञान अकादमींनी त्याचे संयुक्तपणे खंडन केले. हाच आक्षेप वर्गात आला, तर आजची माकडे आपले पूर्वज नसून त्यांचे आणि आपले पूर्वज समान आहेत हे सांगावे, आणि प्रत्यक्षदर्शी नसतानाही गुणसूत्रातील सांधा काय सांगतो, याकडे पुन्हा वळावे. एनसीईआरटीने दहावीच्या पुस्तकातून उत्क्रांतीचा भाग वगळला, ही मोठी हानी आहे. राज्य मंडळाच्या दहावीच्या पुस्तकात मात्र ‘आनुवंशिकता व उत्क्रांती’ हा पाठ असून, डीएनएचा भाग झाल्यावर वरील उदाहरण त्यात सहज बसते.

एवढे करूनही एखाद्या विद्यार्थ्याला उत्क्रांती पटली नाही, तर त्याच्यावर ती मान्य करण्याची सक्ती करू नये. पुरावा काय आहे आणि त्यावरून निष्कर्ष कसा निघतो, हे त्याने उत्तरपत्रिकेत नीट मांडले, तर त्याला पूर्ण गुण द्यावेत.